तार तुटली, नोंदवही मात्र तशीच!

२६ जानेवारीला आमच्या वस्तीत झेंडावंदन झाले. विहारासमोर लहान मुलांनी संविधानाची उद्देशिका खणखणीत आवाजात म्हटली. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालून मंडळी पांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर बातमी आली की, शिवारातल्या एका विहिरीवरची मोटारीची केबल रात्रीतून चोरीला गेली. लासलगावात हे दिवस लाल कांद्याच्या आवकेचे. मार्केटकडे ट्रॅक्टरांची रांग लागलेली, खळ्यावर कांदा निवडायला बाया निघालेल्या, हमाल मंडळी घाईघाईने चहा घेत उभी. त्या गर्दीतून एक जण म्हणाला, ‘‘रेल्वे लाइनीपलीकडं पालं पडलीत ना? आधी तिकडं बघा!’’

हे बोलणारा माणूस कुणा पाटलाच्या वाड्यातला नव्हता. तो आमच्याच वस्तीतला होता. त्याच्या सदऱ्यावर आदल्या दिवशीचा तिरंगी बिल्ला तसाच होता. आणि आम्ही? आम्ही चहा पीत राहिलो. ‘तुला काय ठाऊक?’ एवढे तीन शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. दुपारी चार-सहा तरुण लाइनीपलीकडे जाऊन आले. संध्याकाळी पालं उठली. आठ दिवसांनी केबल सापडली. ती नेणारा गावातलाच, खात्यापित्या घरचा निघाला. त्याच्या घराला कोणी ‘चोराचे घर’ म्हटले नाही. उठून गेलेली पालं मात्र परत आली नाहीत आणि त्यांची माफी मागायला कोणी गेले नाही. आम्हीही गेलो नाही.

तो दिवस २७ जानेवारीचा होता, हे रात्री वर्तमानपत्र वाचताना आमच्या ध्यानात आले. १९४५ साली याच तारखेला सोविएत रशियाची लाल सेना पोलंडमधल्या ऑश्वित्झच्या छळछावणीत शिरली. तिथे तिला सुमारे ७ हजार कैदी जिवंत सापडले. बाकीच्यांना नाझींनी आधीच बर्फातून पायी हाकलत नेले होते किंवा ठार केले होते. संयुक्त राष्ट्रांनी २००५ पासून हा दिवस त्या नरसंहाराचा स्मृतिदिन म्हणून मानला आहे. सुमारे ६० लाख ज्यूंचा नाझींनी संहार केला. त्यांचा गुन्हा कोणता? विशिष्ट आईबापांच्या पोटी जन्म घेतला, हाच!

कुंपण उघडले म्हणजे सुटका झाली काय?

जर्मनीतली डाखाऊची छावणी मार्च १९३३ मध्ये सुरू झाली आणि २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने ती मोकळी केली. त्याच्या दोन आठवडे आधी, १५ एप्रिलला, ब्रिटिश फौज बर्गन-बेल्सनला पोहोचली. तिथे सुमारे ६० हजार माणसे होती; पण उपासमार आणि टायफस एवढा पसरला होता की, फाटक उघडल्यानंतरच्या आठवड्यांत त्यांपैकी १३ हजारांहून अधिक माणसे दगावली. २१ मे रोजी ब्रिटिशांनी तिथली शेवटची बराक जाळून टाकली. छावणी संपली, असे जगाने मानले.

परंतु माणसे कुठे गेली? घरे दुसऱ्यांनी बळकावलेली, नातेवाईक मेलेले. बेल्सनहून सुटलेले ज्यू जवळच्याच लष्करी बराकींत निर्वासित म्हणून १९५० पर्यंत राहिले. ज्यू निर्वासितांची जर्मनीतली शेवटची छावणी, फ्योरेनवाल्डची, बंद व्हायला १९५७ साल उजाडले. म्हणजे सुटकेनंतर बारा वर्षे! छावणी मोकळी होणे आणि छावणीतला माणूस मोकळा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसते. हा धडा युरोपात जाऊन शिकण्याचीही गरज नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या सोलापुरात तो लिहिलेला आहे.

आपल्या मातीतली छावणी

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी इंग्रज सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ केला. या कायद्याने सरकार अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवू शकत होते, आणि सरकारचा तो निर्णय चुकीचा आहे असे म्हणायला कोर्टाची वाटही बंद होती. आधी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येऊ लागला आणि १९२४ मध्ये त्याला पक्के रूप मिळाले. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, आणि सरकारला वाटेल तेव्हा सगळ्या कुटुंबाची रवानगी सेटलमेंटमध्ये. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवण्याचीही सोय या कायद्यात होती.

सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे अशा सेटलमेंट उभ्या राहिल्या. सोलापूरच्या तारेआड कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, छप्परबंद अशा जमाती कोंडल्या गेल्या. तिथल्या माणसांचे श्रम सोलापूरच्या कापड गिरण्यांना मिळाले. दिवसा गिरणीत घाम गाळायचा आणि भोंगा झाला की पुन्हा तारेआड हजेरीला उभे राहायचे! चोरीचा संशय घ्यायचा त्याच माणसांच्या कष्टावर कारखाने चालवायचे, हा कुठला न्याय?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सोलापूरची सेटलमेंट म्हणजे ऑश्वित्झ नव्हे. तिथे विषारी वायूच्या कोठड्या नव्हत्या, आणि लाखो माणसांच्या संहाराशी दुसऱ्या कशाची बरोबरी करून मेलेल्यांचा अपमान करणे आम्हाला मान्य नाही. पण मुळाशी असलेला विचार पाहा. १८७१ च्या कायद्यामागे युक्तिवाद असा होता की, हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तसाच चोराचा मुलगा चोर होणार. हा युक्तिवाद इंग्रजांनी विलायतेहून आणला काय? मुळीच नाही. जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था त्यांना इथे तयार मिळाली. मनूने आखलेल्या रेघेवर त्यांनी फक्त काटेरी तार ओढली!

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका निबंधाच्या प्रस्तावनेत त्यांनी नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यांशी वागणूक या दोहोंत विचाराने आणि परिणामाने काही फरक नाही, असे जगाला बजावले होते. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी तीन समूह एका ओळीत मांडले: गुन्हेगार ठरविलेल्या जमाती सुमारे २ कोटी, आदिवासी सुमारे दीड कोटी आणि अस्पृश्य सुमारे ५ कोटी. ज्या संस्कृतीने अशी माणसे निर्माण केली तिला संस्कृती म्हणावे काय, हा त्यांचा सवाल होता. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. समितीचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे मुंबई इलाख्यातील सेटलमेंटचे अधिकारी होते. म्हणजे तारेआडच्या माणसांचा प्रश्न बाबासाहेबांच्या नजरेबाहेरचा नव्हता. तो आमच्या नजरेबाहेर गेला, हे खरे दुखणे आहे.

पाच वर्षे सोळा दिवस

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. कायद्यापुढे सर्व समान, असे कलम १४ ने सांगितले. तरी हा काळा कायदा देशभरातून रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. बाकीच्या देशानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी ही माणसे कागदोपत्री स्वतंत्र झाली. पंडित नेहरूंनी सोलापूरच्या सेटलमेंटची तार कापली, ही आठवण विमुक्तांच्या चळवळीत आजही सांगितली जाते. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ नावाच्या वस्त्या आजही आहेत. पत्ता सांगताना तारेची आठवण सांगावीच लागते!

तार तुटली, पण नोंदवही कुठे गेली? १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीचे नाव नाही, वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीची व्याख्या आहे, हे खरे. पण नोंदणी, हजेरी, हालचालींवर निर्बंध हा सारा जुनाच संसार त्यात मांडलेला आहे. पहिला संशय कोणावर घ्यायचा याची सवय ज्यांच्या हाडीमांसी भिनली होती, त्यांनी ‘सराईत’ हा शब्द कोणासाठी वापरला असेल हे सांगायला नको. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये असे कायदे रद्द करा, असे सुचविले.

आता दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत १४ जाती आहेत आणि त्यांना ३ टक्के आरक्षण आहे. ते मिळवायचे तर जातीचा दाखला पाहिजे, आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आमच्या ओळखीचा एक पारधी तरुण बारावी पास झाला आणि तीन पावसाळे एका कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिला. आजोबांचा शाळेचा दाखला आणा, सातबारा आणा, असे त्याला सांगितले जाई. ज्या आजोबाला गाव रात्रभर टेकू देत नव्हते त्याच्या नावावर सातबारा कुठून येणार? ज्या राज्यकर्त्यांनी आजोबाच्या दहाही बोटांचे ठसे जपून ठेवले, त्यांच्याच गादीवर बसलेले आज नातवाला विचारतात, तू कोण याचा पुरावा काय! संशय घ्यायचा तेव्हा वंशावळ तोंडपाठ असते, हक्क द्यायचा तेव्हा कागद सापडत नाही.

आणि संशय किती स्वस्तात माणसे मारतो हेही आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा उठली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आलेले होते. जमावाने त्यांना ठेचून मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे होते. त्यांच्यापाशी ना हत्यार सापडले, ना कोणाचे मूल. अनोळखी वेश आणि फिरस्ती, एवढाच त्यांचा गुन्हा होता. आमच्या टपरीवरचे ते वाक्य आणि राईनपाड्यातला जमाव यांत अंतर आहे. पण रस्ता एकच आहे.

रोमा काय करू शकले?

युरोपात ज्यूंबरोबर आणखी एक समाज छावण्यांत मारला गेला. तो रोमा आणि सिंतींचा. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत त्यांना जिप्सी म्हणत. त्यांची भाषा भारतीय कुळातली आहे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच भूमीतून पश्चिमेकडे गेले. तिथेही त्यांच्या कपाळी ‘जन्मजात चोर’ हाच शिक्का बसला. जर्मनीत म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्येच त्यांच्या नोंदी ठेवणारे स्वतंत्र कार्यालय उघडले होते. म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या ३४ वर्षे आधी! पुढे रॉबर्ट रिटर नावाच्या डॉक्टरने त्यांच्या वंशावळी आणि मोजमापे गोळा केली. त्या कागदांच्या आधारे माणसे उचलली गेली. ऑश्वित्झच्या ‘जिप्सी छावणी’त सुमारे २३ हजार रोमा आणि सिंती नेले गेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथे उरलेली सुमारे ४,३०० माणसे, त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे, वायूच्या कोठड्यांत मारली गेली.

१९४५ मध्ये छावण्या उघडल्या. जे वाचले ते भरपाई मागायला गेले. तिथे त्यांना काय दिसले? त्यांचा अर्ज तपासायला जुनेच पोलीस, जुन्याच नोंदी घेऊन बसलेले. म्युनिकच्या कार्यालयाची पाटी तेवढी बदलली. ‘जिप्सी’ऐवजी ‘भटके’ असा शब्द आला आणि ते १९७० पर्यंत चालू राहिले. रिटरवर खटला उभा राहिला नाही. उलट त्याला फ्रँकफर्टच्या आरोग्य खात्यात नोकरी मिळाली. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयाने तर असा निवाडा दिला की, १९४३ पूर्वीचा या लोकांचा छळ वंशामुळे नव्हे, तर त्यांच्या गुन्हेगारी वृत्तीमुळे झाला! आपल्याकडे ‘क्रिमिनल ट्राइब’चा ‘सराईत’ झाला, तिकडे ‘जिप्सी’चा ‘भटका’ झाला. दोन्हीकडे शब्द बदलला, संशय तसाच राहिला.

पण ते रडत बसले नाहीत, हे आम्हाला आवर्जून सांगायचे आहे. एप्रिल १९८० मध्ये रोमानी रोझे यांच्यासह बारा सिंती कार्यकर्ते थेट डाखाऊच्या जुन्या छावणीत उपोषणाला बसले. त्यांच्यात छावण्यांतून जिवंत परतलेली माणसेही होती. जिथे एकेकाळी उपाशी ठेवून मारले, तिथेच ते स्वतःच्या इच्छेने उपाशी बसले. मागणी काय होती? आमच्यावरच्या नोंदी कुठे आहेत ते सांगा आणि आमच्या संहाराला संहार म्हणा! सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांच्या कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठाचे तळघर ताब्यात घेतले. रिटरच्या काळातले कागद तिथे ‘संशोधना’साठी पडून होते. ते कागद शेवटी राष्ट्रीय अभिलेखागारात गेले. मार्च १९८२ मध्ये चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी हा संहार वंशाच्या कारणाने झाला, हे सरकारतर्फे मान्य केले. छावणीचे फाटक १९४५ ला उघडले; नोंदवहीचे फाटक उघडायला आणखी सदतीस वर्षे आणि स्वतःची चळवळ लागली.

आपले काम कोणते?

आपल्याकडेही वाट अगदीच बंद नाही. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या आत्मकथनांनी १९८० च्या दशकात विमुक्तांचे जगणे महाराष्ट्रापुढे मांडले. २००७ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांनी बुद्धधम्माची दीक्षा घेतली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांतली जातवार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली, तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले आणि विमुक्तांना मनमानीने अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. पाहा, शेवटी प्रश्न रजिस्टरापाशीच आला! संविधान लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाल्यावर एक रकाना खोडायला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

आता २०२७ च्या जनगणनेत जातनिहाय नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये घेतला आहे. ज्या नोंदवहीने या माणसांना गुन्हेगार म्हणून लिहिले, तिच्या जागी त्यांना नागरिक म्हणून लिहिणारी नोंद व्हायला हवी. पण पालात राहणाऱ्याकडे गणना करणारा जाईल काय? गेला तर त्याच्या जातीचे नाव नीट लिहिले जाईल काय? हे सरकारवर सोडून चालणार नाही. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी गणनेच्या वेळी पालापर्यंत सोबत गेले पाहिजे. दाखल्यासाठी फिरणाऱ्या विमुक्त तरुणाबरोबर आपल्यातला एक माणूस कचेरीत उभा राहिला पाहिजे. आणि ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्तांनी एकट्याने साजरा करण्याचा नाही. विहाराविहारांत तो आपला दिवस म्हणून पाळला पाहिजे.

काही बांधव म्हणतील, आमच्याच पोटाचे प्रश्न सुटलेले नाहीत, दुसऱ्यांचे कुठे ओढता? त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, बाबासाहेबांनी जात मोडायला सांगितली. आपल्या खाली आणखी एक पायरी शोधायला सांगितलेली नाही. लासलगावपासून येवला फार दूर नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तिथे बाबासाहेबांनी जी घोषणा केली, तिचा अर्थ काय होता? जन्म माणसाच्या हातात नाही, म्हणून जन्माने लादलेला शिक्का मरेपर्यंत वाहण्याची सक्ती कोणावरही नाही. हा अर्थ फक्त आपल्यापुरता ठेवला तर तो अर्धाच राहतो.

रेल्वे लाइनीपलीकडची ती जागा अजून मोकळी आहे. पुढच्या हंगामात तिथे पुन्हा पालं पडतील. गावात पुन्हा काहीतरी चोरीला जाईल आणि टपरीवर कोणीतरी पुन्हा तेच वाक्य बोलेल. त्या वेळी चहाचा कप खाली ठेवून ‘तुला काय ठाऊक?’ असे विचारायचे, हे आम्ही स्वतःला बजावून ठेवले आहे. सोलापूरची तार कापायला देशाचे पंतप्रधान आले असतील. आमच्या टपरीवरची तार आम्हालाच कापावी लागेल.

जयभीम!